सगळ्यात मागे चालणारे नाना

मंडळी, नमस्कार.

नानांच्या वर्षश्राद्धाला मी दोन शब्द बोलायचं ठरलं, तेव्हा काकूंनी एकच ताकीद दिली, "त्यांना संत करू नकोस." म्हणून आधीच सांगून टाकतो, नाना संत नव्हते. चहात साखर कमी पडली की तोंड वाकडं करायचे. प्रवासात घोरायचे. आणि काठीसाठी कारवीची फांदी मोडली म्हणून मला चारचौघांत असं झापलं होतं, की मी आठवडाभर अजिंक्यताऱ्याची वाट धरली नाही. आठव्या दिवशी पहाटे स्वतःच दारात उभे. माफी वगैरे काही नाही. "बूट घाल," एवढंच.

तुमच्यातले निम्मे त्यांना नातेवाईक म्हणून ओळखतात, काहीजण एसटीच्या वर्कशॉपमधले सहकारी म्हणून. आम्ही पहाटेची टोळी. गळ्यात तुळशीची माळ, डोक्याला मफलर, तोंडाने हलक्या आवाजात हरिपाठ, आणि चढणीवर सगळ्यात मागे, असे आमचे नाना. पहिले काही महिने मला वाटायचं, वय झालंय, दमत असतील. मग एकदा दोघंच होतो. त्या दिवशी ते असे चढले, की मंगळाई देवीच्या देवळापर्यंत माझी छाती फुटायची वेळ आली. मागे राहणं हे त्यांनी ठरवून घेतलेलं काम होतं, हे मला त्या दिवशी कळलं. कोणाचा श्वास लागला, कोणाची चप्पल तुटली, हे पुढून दिसत नाही. त्यांच्या खाकी झोळीत गूळ-शेंगदाणे, जुन्या धोतराची पट्टी, आणि दाभण-दोरा कायम.

सज्जनगडावर तर मी डोळ्यांनी पाहिलंय. काकूंचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते. वाहनतळापासून वर पायऱ्याच पायऱ्या. नाना पंधरा-वीस पायऱ्या झाल्या की थांबायचे आणि खाली बोट दाखवायचे, "ते बघ, उरमोडीचं पाणी किती खाली गेलंय." आणखी थोडं चढलं की पुन्हा उरमोडी. महाद्वारापर्यंत त्या धरणाची सहा वेळा पाहणी झाली. शेवटी काकू म्हणाल्या, "अहो, गुडघे माझे दुखतायत, डोळे शाबूत आहेत." समर्थांच्या समाधीपाशी मात्र दोघं शेजारी बसले ते तासभर उठले नाहीत.

कासचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पश्चिम घाटातली 39 ठिकाणं 2012 साली जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत कास होतं. त्यानंतर सुट्टीच्या दिवशी तिथली गर्दी वाढतच गेली, म्हणून नाना नातवाला शाळा बुडवून मधल्या वारी न्यायचे. (सूनबाई, हे तुम्हाला आजच कळतंय, माफ करा.) एका भाद्रपदात मीही बरोबर होतो. जांभ्या खडकावर मातीचा पातळसा थर, वर पाणी झिरपतंय, आणि सगळीकडे निळसर जांभळी सीतेची आसवं. नाना वाटेवरच गुडघे टेकून बसले आणि नातवाला सांगू लागले, की या मातीत कस नाही, म्हणून हे रोपटं जमिनीखाली इवल्या इवल्या पिशव्या धरतं आणि त्यांत बारीक जीव ओढून घेतं. पोरगं विचारात पडलं. "आजोबा, मग हिला पाप लागतं का?" माळकरी माणसाला हा प्रश्न! नानांनी बराच वेळ त्या फुलाकडे पाहिलं. म्हणाले, "ते पांडुरंगाला विचारू. तू आधी पाय बाजूला घे, दोन रोपं चिरडलीस."

वारीबद्दल मोठे महाराज बोलतील, मी एकच सांगतो. लोणंदहून पालखी निघाली की तरडगावच्या आधी चांदोबाचा लिंब, तिथे पहिलं उभं रिंगण. वारकरी त्यासाठी वर्षभर थांबलेला असतो. त्या वर्षी मीही दिंडीत होतो. रिंगणाच्या थोडं आधी, दुसऱ्याच कुठल्या दिंडीतल्या एका म्हातारीचा पाय मुरगळला. नाना तिच्याबरोबर रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसून राहिले. तिकडे टाळ्यांचा, "माउली माउली"चा गजर उठला, घोडा धावला. मी परत येऊन बघतो, तर हे धोतराची पट्टी ओली करून तिच्या घोट्याला बांधतायत. मी चिडलो, म्हटलं, नाना, चुकलं ना रिंगण. तर म्हणाले, "रिंगण पुढच्या वर्षी आहे. हिचा पाय आज सुजलाय."

पुढच्या वर्षीचं रिंगण मात्र त्यांना मिळालं नाही.

असो. काकूंनी ती खाकी झोळी मला दिली आहे. गुळाला मुंग्या लागल्या होत्या, तेवढा टाकला, नवीन भरलाय. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला 'चार भिंती' स्मारकापाशी जमायचं आहे. काकू येणार आहेत. तरण्या पोरांनी पुढे पळायचं नाही, वाटेत थांबे पुष्कळ होतील. आणि काकू, अजिंक्यताऱ्यावरून उरमोडी दाखवणं मला जमेलसं वाटत नाही, दुसरं काहीतरी शोधून ठेवतो.