चप्पल घालून कूलर

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलूया जुन्या घराच्या वायरिंगबद्दल: ती बदलायची का, आणि आधी कोणती.

एप्रिल लागला की आपल्याकडे माळ्यावरचा कूलर खाली उतरतो. पत्र्याची बॉडी धुतली जाते, ताट्यांमध्ये नवा वूडवूल भरतात, आणि पाणी टाकायच्या वेळी घरातली आजी हमखास म्हणते, "चप्पल घाल रे बाप्पा, मंग हात लाव." हे वाक्य तुमच्या घरात असेल, तर वायरिंग बदलायची की नाही याचं अर्धं उत्तर तुमच्याकडे आहेच. झिणझिण्या येतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि त्यावर इलाज म्हणून दाराशी स्लीपर ठेवलेली असते.

मी वायरमन आहे. सांगायला लाज वाटते, पण माझ्या स्वतःच्या घरीही कित्येक उन्हाळे ही स्लीपर होती. लोकांच्या घरची कामं संपत नव्हती ना!

कवेलूच्या घरातलं जुनं पट्टी फिटिंग आठवा. लाकडी पट्टी, तिच्यावर टिनच्या क्लिपा, आणि आत रबराची वायर. ते रबर उष्णतेनं आणि वयानं कडक होतं, वायर जरा वाकवली की खापरासारखं तडकतं. हात लावला नाही तोवर ते जागेवर राहतं, म्हणून "चाळीस वर्षांत काही झालं नाही" असं म्हणणारे काका खोटं बोलत नसतात. पुढे प्लास्टिकची वायर आली, ती जास्त टिकते; पण कवेलूखालचा उंदीर तिला सोडत नाही. काही घरांत ॲल्युमिनिअमची वायर आहे. तिचे स्क्रू सैल होतात, जोड तापतो, बोर्ड काळा पडतो. बटनाजवळ जळका वास आला तर पुढच्या हंगामाची वाट पाहू नका.

दुसरी गोष्ट लोडची. ती वायर टाकली तेव्हा घरात साठचे तीन बल्ब, एक पंखा आणि रेडिओ होता. सगळं मिळून सव्वा अँपिअरही होत नव्हतं. आज पाणी तापवायचा 1,500 वॅटचा एकटा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो. त्यात इस्त्री आणि विहिरीवरची छोटी मोटर. मग फ्यूज उडतो, आणि आपण काय करतो? ग्रिपमध्ये जाड तार पिळतो. फ्यूज उडायचा थांबतो, त्याच्याऐवजी भिंतीतली वायर तापते.

आता "एमसीबी बसवली आहे, मग काय भीती?" असं पुष्कळ जण विचारतात. एमसीबी म्हणजे फ्यूजच्या जागी बसणारं, लोड वाढला की आपोआप पडणारं बटन. 16 अँपिअरची एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. माणसाचा जीव जायला एका अँपिअरचा दहावा भागही पुरतो. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. माणसासाठी आरसीसीबी लागते, 30 मिलिअँपिअरची. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला नाही, की ती क्षणात लाईन तोडते.

जुन्या घरात ही बसवली की गंमत होते. पहिल्या पावसात भिंत ओली झाली की आरसीसीबी सारखी पडते, म्हणजे लाईन तोडते. मग घरमालकाचा फोन येतो, "भाऊ, तुमची मशीन खराब आहे, काढून टाका." मशीन चांगली असते, बहुतेक वेळा. एकेका खोलीची लाईन सोडवून पाहायची. जी सोडवल्यावर आरसीसीबी टिकते, त्या खोलीच्या वायरमधून करंट गळतो आहे. तीच आधी बदलायची. वायरमनला मेगर, म्हणजे वायरवरचं आवरण किती शाबूत आहे ते मोजायचं यंत्र, लावायला सांगा आणि आकडा कागदावर लिहून मागा. एक मेगओहमच्या खाली आला तर ती लाईन ठेवण्यात अर्थ नाही.

पैशाचं म्हणाल, तर कापूस विकून हाती येतात त्यात अख्ख्या घराची वायरिंग एकदम होईलच असं नाही. मी असतो तर आधी अर्थिंग, म्हणजे गळालेला करंट जमिनीत नेणारी जोडणी, केलं असतं. तीन छिद्रांचं सॉकेट सगळ्यांकडे असतं, पण अर्थिंगच्या वरच्या मोठ्या छिद्रामागे कित्येक घरांत वायरच नसते. आपली काळी माती पावसाळ्यात ओली म्हणून अर्थिंग बरं लागतं, मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि तेच अर्थिंग कामातून जातं. म्हणून अडीच मीटरचा पाईप खोल घाला, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत राहा, कूलरमध्ये टाकता तसंच. त्यानंतर आरसीसीबी. मग कूलर, मोटर आणि रॉडसाठी अडीच एमएमची वेगळी तांब्याची लाईन, आयएसआय मार्कची. दिव्या-पंख्यांची वायर मेगरमध्ये पास झाली, तर ती पुढच्या कापसापर्यंत थांबू शकते. तडकलेलं रबर मात्र थांबू शकत नाही.

आणि हो, कूलरमध्ये पाणी टाकताना पिन काढायची. बटन बंद केलं एवढ्यावर भागत नाही, कारण जुन्या बोर्डात बटन कधीकधी न्यूट्रलवर दिलेलं असतं, फेज तसाच कूलरपर्यंत आलेला असतो.

काढलेली जुनी वायर त्याच दिवशी भंगारवाल्याला वजनावर देऊन टाका. घरात राहिली की ती आधी गोठ्यातल्या बल्बला लागते, आणि पुढच्या वर्षी रानडुकरांच्या नावानं करंट सोडलेली वावराच्या कुंपणावर दिसते.

नमस्कार.