पंपाच्या डब्यावरचा आकडा आणि दर्यापूरचा दर्या

राम राम मंडळी.

मी दर्यापूर तालुक्यातून बोलतोय. गावाच्या नावात दर्या आहे, पण मुंबईचा समुद्र इथून सहाशे किलोमीटरच्या आसपास. त्यात आमचा खारपाणपट्टा. घरात समुद्री माशांचा टँक बसवला तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "मीठ कायले इकत आनतं बाप्पा, आपल्या हिरीचं पानी चाखून पाय." चाखलंय काका, लहानपणापासून. पण विहिरीचा खारेपणा वेगळा आणि समुद्राचा वेगळा. क्षारांचं आपसातलं प्रमाणच जुळत नाही. म्हणून आरओचं पाणी, त्यात मरीन सॉल्ट आणि घनता १.०२५. त्यावर कधीतरी वेगळा व्हिडिओ करीन.

आज रिटर्न पंप. कारण सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रश्नाचे येतात: "दादा, किती लिटरचा घेऊ?"

(खाली बसून कॅबिनेटचं दार उघडतो.)

हा सम्प. एसटीचा संप नव्हे, टँकच्या खाली ठेवलेली दुसरी टाकी. वरचं पाणी ओव्हरफ्लोमधून, म्हणजे टँकच्या काठाजवळच्या वाटेतून, आपल्या वजनानं खाली येतं, इथे स्किमरमधून, म्हणजे फेस करून घाण काढणाऱ्या यंत्रातून, जातं, शेवटच्या कप्प्यात पोचतं, आणि तिथला पंप त्याला परत वर ढकलतो. तोच रिटर्न पंप.

आता एक गंमत बघा. शेतकरी माणूस मोटारीच्या दुकानात गेला की लिटर विचारत नाही. तो विचारतो, "हेड किती घेईल? पाइप किती इंची लागेल?" हेड म्हणजे पाणी किती उंच चढवायचं ते. शेततळ्यातून स्प्रिंकलर चालवायचा तर ह्या दोन गोष्टींवरच सगळं ठरतं, हे आपल्याला पाठ आहे. आणि तोच माणूस मासे पाळायला लागला की डबा उलटा करून फक्त लिटर वाचतो. मी पण तेच केलं. डब्यावर ६००० लिटर प्रति तास लिहिलं होतं, तो घेऊन आलो.

डब्यावरचा हा आकडा शून्य हेडचा असतो. म्हणजे पाणी एक इंचही वर चढवायचं नाही, पाइप नाही, एल्बो म्हणजे पाइपचं वळण नाही, तेव्हाचा. शेजारीच "मॅक्स हेड ३ मीटर" असं काहीतरी असतं. त्याचा अर्थ ३ मीटरवर पाणी जेमतेम पोचेल आणि तिथून थेंबही पुढे पडणार नाही. तुमचं घर ह्या दोन टोकांच्या मधे कुठेतरी आहे. कुठे, ते डब्यातल्या कागदावरचा ग्राफ सांगतो. तो कागद फेकू नका.

माझं माप सांगतो. सम्पमधल्या पाण्याच्या पातळीपासून वरच्या नोझलपर्यंत साडेचार फूट, म्हणजे १.४ मीटरच्या आसपास. वाटेत दोन एल्बो. घर्षण धरून मी १.६ मीटर मोजतो. ३००० लिटर आणि ३ मीटर मॅक्स हेड असलेला पंप तिथे जवळपास निम्म्यावर येतो. पाइप पंपाच्या तोंडापेक्षा एक माप मोठा घेतला आणि एका काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशाचे दोन लावले, तर घर्षण बरंच कमी होतं.

मग लागतं किती? टँक ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. ९ घनफूट, गुणिले २८.३, म्हणजे २५५ लिटर. दगड आणि वाळूची जागा वजा केली की खरं पाणी आणखी कमी. तासाला टँकच्या चार-पाच पट पाणी फिरलं की पुरे. माझ्यासाठी १००० ते १२५० लिटर.

इथे लोक भांडतात. "कोरलला तर तीस पट फ्लो लागतो!" लागतो ना. पण तो वेव्हमेकर, म्हणजे टँकमध्येच पाणी ढवळणारा पंप, देतो, तोही कमी विजेत. साडेचार फूट चढवून आणलेल्या पाण्यानं लाटा कायले करायच्या? रिटर्न पंपाचं काम हमालाचं. पृष्ठभागावरचा तवंग खाली न्यायचा, साफ झालेलं पाणी वर आणायचं. स्किमरचा पंप वेगळाच असतो, तो आपल्या गतीनंच पाणी ओढतो. तुम्ही दुप्पट पाणी सम्पमधून पळवलं म्हणून स्किमर दुप्पट काम करत नाही. शिवाय ओव्हरफ्लोचा पाइप जेवढं खाली सोडेल त्यापेक्षा जास्त वर चढवलं, तर पाणी टँकच्या काठावरून बाहेर. माझ्या ६००० वाल्यानं ओव्हरफ्लोला असं गुरगुरायला लावलं, की रात्री घरातले झोपेनात.

आणि उष्णता. पाण्यात बुडवलेला पंप जेवढे वॅट खातो, ते शेवटी पाण्यातच उष्णता होऊन उतरतात. माझा जुना पंप ८५ वॅटचा, आताचा २५ चा. फरक ६० वॅट. म्हणजे जुना पिवळा बल्ब दिवसरात्र टँकमध्ये बुडवून ठेवायचा, आणि महिन्याला ४३ युनिट जादा भरायचे. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, आणि आपल्याला पाणी २६ च्या आसपास ठेवायचं. इथे एकेक वॅट मोजावा लागतो. आपली हवा कोरडी, हा एक फायदा. सम्पवर छोटा पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात, माठाचं पाणी गार होतं तसंच. पण त्याच खोलीत कूलर लावाल तर हवा दमट होते आणि पंख्याचा जोर जातो.

पंखा लावला की पाणी उडतं. उन्हाळ्यात माझं रोज ८-९ लिटर. मीठ उडत नाही, म्हणून भर घालायची ती गोड्या आरओ पाण्याची. वरच्या टँकची पातळी हलत नाही, घट सगळी शेवटच्या कप्प्यात दिसते. म्हणजे पंप जिथे बसलाय तिथेच. लग्नाला दोन दिवस बाहेरगावी गेलात, तर पंप कोरडा फिरून जळलेला सापडेल. पातळी घटली की आपोआप पाणी सोडणारा फ्लोट व्हॉल्व्ह लावा, प्लास्टिकचा, पितळी नको.

पितळेवरून आठवलं. "कूलरचा पंप चालेल का?" नाही. खाऱ्या पाण्यात त्याचे स्क्रू गंजतात, आणि तांब्याचा अंश पाण्यात आला तर झिंगे, गोगलगायी, कोरल जगत नाहीत. मामाची वरूडला संत्र्याची बाग आहे. खोडाला बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, लावून आलो की मी त्या दिवशी टँकमध्ये हातच घालत नाही. मोरचूद म्हणजे तांबंच.

एसी की डीसी? एसी पंप स्वस्त आणि चिवट, पण वेग एकच. रब्बीत शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे व्होल्टेज पडतं. अशा वेळी लाइन आली की एसी पंप नुसता गुणगुणतो, फिरत नाही. डीसीच्या अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं बघून घ्या, मग ही कटकट राहत नाही. वेगही बटणावर कमी-जास्त होतो. मी तोच घेतला, ३००० चा. एसीच घ्यायचा असेल तर फ्लो कमी करायला बॉल व्हॉल्व्ह वर जाणाऱ्या पाइपवर बसवा, पंपाच्या ओढीकडे कधीच नको.

फ्लो खरंच किती मिळतोय ते मोजायला मीटर लागत नाही. १५ लिटरची बादली नोझलखाली धरा, मोबाइलवर सेकंद मोजा. माझी ४२ सेकंदांत भरते. १५ गुणिले ३६००, भागिले ४२. १२८५ लिटर. सहा महिन्यांनी परत मोजा. जास्त वेळ लागला तर इम्पेलरवर, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकावर, चुन्यासारखा थर बसलाय. लिंबूसताच्या पाण्यात तासभर ठेवा, निघतो.

आता माझी फजिती. पहिल्याच हंगामात नोझल पाण्याच्या पाच इंच खाली लावलं होतं. रात्री लाइन गेली. पंप थांबला, आणि त्याच पाइपातून पाणी उलटं खाली यायला लागलं. नोझलला हवा मिळेपर्यंत ते थांबत नाही. ह्या टँकचा एक इंच म्हणजे १४ लिटर, पाच इंच म्हणजे ७०. सम्पचा तळ टँकच्या निम्मा, म्हणून वर एक इंच उतरला की खाली दोन इंच चढतो. सम्पमध्ये रिकामी जागा सात इंच, ५० लिटरची. उरलेलं वीस-बावीस लिटर खारं पाणी फरशीवरून बाजूच्या खोलीत. तिथे वेचणीचा कापूस रचून ठेवलेला. बाबा टॉर्च घेऊन उभे: "दर्या घरात आनला, आता कापूसबी बुडवतं काय?"

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावून निर्धास्त होऊ नका. त्यात चुना आणि गोगलगाय अडकते, आणि नेमका त्याच रात्री तो बंद होत नाही. मी नोझल दीड इंचावर आणलं, आणि पाण्याच्या पातळीच्या जरा खाली पाइपला एक बारीक भोक पाडलं. पातळी तिथवर उतरली की हवा आत शिरते आणि ओढ तुटते. शेवाळानं भोक बुजतं, म्हणून दर रविवारी काडी घालून साफ करतो.

चला, करूनच दाखवतो. कॅमेरा सम्पवर. सम्पच्या काचेवर मार्करनं रेघ आहे, ती चालू पातळी. पंप बंद करतोय... बघा, चढतंय. एक इंच. दोन. आता हळू झालं. ऐका, वर भोकातून फुर्रर्र आवाज आला, हवा शिरली. थांबलं. काठाला अजून चार बोटं बाकी.

(पंप परत चालू करतो.)