पोटरीतली ऊब

डिसेंबरची रात्र. गडचिरोलीतल्या वडशाजवळचं एक गाव. दिवसभर शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा खेळ रंगला, आता नाटक उभं राहिलंय. धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांवरून हिव थेट मंडपात शिरतंय. प्रेक्षक चादरी, घोंगड्या पांघरून बसलेत.

पडद्यामागे एक नर्तकी आपल्या लावणीची वाट बघतेय. अजून दीड तास आहे. नाटक पहाटेपर्यंत चालेल. एवढ्या वेळात पाय गार पडतात, आणि गारठलेल्या पायानं एकदम ठेका धरला की पोटरीत गोळा येतो.

तिच्या पायांकडे बघा. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत निळ्या लोकरीच्या नळ्या. दुकानात याला लेगवॉर्मर म्हणतात. हिनं जुन्या स्वेटरच्या बाह्या कापल्या, कड दुमडून शिवली, वर इलॅस्टिक ओवलं. मनगटाची घट्ट वीण घोट्यावर बरोब्बर बसते. तळवा उघडाच. लोकरीचा मोजा फळीवर घसरतो. उघड्या तळव्याला फळी कळते.

बॅले नाचणारे सरावाला हेच घालतात. १९८०च्या दशकात एरोबिक्सची लाट आली आणि अमेरिकेत या नळ्या सरावाच्या खोलीतून रस्त्यावर आल्या. आज त्या जीन्सवर, बुटांवरही दिसतात. छान दिसतात.

पण लोकर स्वतः गरम नसते. तिच्या धाग्यांत अडकलेली हवा अंगची ऊब धरून ठेवते, एवढंच. म्हणून ही आधी टाचा उचलते, घोटे फिरवते, जागच्या जागी हलका ठेका धरते आणि मग नळ्या वर ओढते. सुती कापड इथे कामाचं नाही, घामानं ओलं झालं की तेच गारठवतं. शेकोटीजवळ बसावं, तर जरीच्या साडीला ठिणगीची भीती.

झाडीपट्टी म्हणजे पूर्व विदर्भातला हा मुलूख. इथल्या नाटकांचा हंगाम दिवाळीनंतरच्या मंडईपासून, म्हणजे गावच्या जत्रेपासून सुरू होतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. नाचायचं ते ऐन थंडीतच. गाणाऱ्याच्या गळ्याला सगळे जपतात, गरम पाणी देतात, लवंग देतात. नर्तकीचे पाय मात्र तिचे तिनंच सांभाळायचे. हे मला खटकतं. मेकअपच्या पेटीसोबत लोकरीच्या चार जोड्या ठेवायला फार खर्च येत नाही.

ढोलकी कडाडली. ती नळ्या उतरवते, घुंगरू बांधते, उजेडात जाते.

लावणी संपली. शिट्ट्या अजून चालू आहेत. ती आत येते, घुंगरू सोडते, पायांचा घाम पुसते आणि पाणी पिण्याआधी नळ्या चढवते. पुढच्या अंकात आणखी एक गाणं आहे.