नळीतून उतरणारा पिवळा पट्टा

(काचेची उभी नळी, अगदी जवळून)

हळदीची पूड रात्रभर अल्कोहोलमध्ये मुरली. सकाळी गाळून, आटवून तिचा अर्क या नळीत ओतला. आत पांढरी सिलिका ठासून भरली आहे. आधी एकच गडद पट्टा दिसतो. जरा थांबून बघा, त्याचे तीन होतात. सगळ्यात पुढे आहे तो करक्युमिन.

घाई चालत नाही. द्रावक भराभर सोडलं, की पट्टे एकमेकांत शिरतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

हा पिवळा घटक पहिल्यांदा वेगळा काढला गेला १८१५ साली. त्याच्या रेणूची रचना उलगडायला १९१० उजाडलं. आणि शंभर ग्रॅम पुडीतून तो मिळतो जेमतेम ३ ग्रॅमच्या आसपास.

(पडद्यावर मेंदूचं चित्र)

मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण ऑक्सिजन लागतो २० टक्के. त्यात चरबीचा अंशही भरपूर. म्हणून फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना बाधणारे अस्थिर रेणू, इथे लवकर इजा करतात. ताण महिनोन् महिने हटला नाही, तर त्यांना आवरणारं शरीरातलंच द्रव्य, ग्लुटाथायोन, पुरं पडेनासं होतं. करक्युमिन स्वतःजवळचा हायड्रोजन देऊन त्यांना शांत करतं.

(पिंजरा, दोन बाटल्या)

एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत किंचित साखरेचं. निरोगी उंदीर गोड बाटली सोडत नाही; ती ओढ गेली, की ते नैराश्यासारखं लक्षण मानतात. या उंदराने मात्र कित्येक आठवडे ओला भुसा, तिरका पिंजरा, अवेळी लागणारा दिवा सोसला आहे.

(दहा सेकंद निवेदन नाही)

असाच ताण सोसताना ज्यांना करक्युमिन मिळालं, त्या उंदरांची गोडाची ओढ परतलेली अनेक प्रयोगांत दिसली आहे.

अडचण आहे ती शोषणाची. नुसतं करक्युमिन रक्तात फारसं उतरतच नाही. मिरीतल्या पायपरीनची जोड दिली तेव्हा ते सुमारे २० पट उतरलं. १९९८ साली हे माणसांवरच मोजलं गेलं. अशा रेणूला मोठी, नीट आखलेली चाचणी मिळालीच पाहिजे, असं आम्हाला मनापासून वाटतं.

माणसांवरच्या आजवरच्या बहुतेक चाचण्या छोट्या आणि काही आठवड्यांच्याच आहेत. नैराश्याचं चालू औषध स्वतःहून बंद करू नका, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करक्युमिनच्या कॅप्सूल घेऊ नका.

(फिरता फ्लास्क)

द्रावक उडून चाललंय. काचेला आतून नारिंगी पापुद्रा धरतोय. तो खरवडून, तोलून, बाटलीत भरायचा. बाटली काळ्या काचेची, कारण उजेडात हा रंग टिकत नाही.