काळी बोटं

(दृश्य : क्लॉथ फेअर, लंडन. सकाळची वेळ.)

ही क्लॉथ फेअरची गल्ली. पलीकडे स्मिथफील्डचा मांसबाजार, अलीकडे सेंट बार्थोलोम्यू द ग्रेट हे बाराव्या शतकातलं चर्च. १६६६ च्या आगीत लंडनचा बहुतेक जुना भाग बेचिराख झाला, पण ती आग इथवर पोचली नाही. म्हणून हे घर अजून उभं आहे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स गादीवर बसला तेव्हाही ते जुनंच होतं.

त्या काळातल्या इंग्रजी साहित्याचा विषय निघाला की मिल्टन, ड्रायडन, ॲफ्रा बेन, ॲडिसन, स्विफ्ट ही नावं ओळीने येतात. येऊ देत. आपण मात्र जॉन ट्विनपासून सुरुवात करू. तो याच गल्लीत राहायचा. लेखक नव्हता, मुद्रक होता.

ऑक्टोबर १६६३. पहाटेचे चार वाजलेत आणि ट्विनच्या घरात यंत्र चालू आहे. दाराशी रॉजर लेस्ट्रेंज, राजाने नेमलेला छापखान्यांचा निरीक्षक, माणसं घेऊन उभा. जवळजवळ अर्धा तास दार वाजतं, उघडत नाही. आतून खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, कोसळल्याचा आवाज येतो. जुळवलेला फर्मा, म्हणजे त्या खिळ्यांचा छापायला तयार साचा, कुणीतरी घाईघाईने मोडतंय. दार उघडलं तेव्हा एक फर्मा मोडलेला होता. दुसरा मोडायला वेळ पुरला नाही.

ट्विन छापत होता त्या पुस्तकात काय होतं? राजा जुलमी निघाला तर प्रजेने त्याला शासन करावं, असं. पहिल्या चार्ल्सचं डोकं उडवल्याला जेमतेम चौदा वर्षं झाली होती, आणि आता त्याचा मुलगा, हाच दुसरा चार्ल्स, राज्य करत होता.

१६६२ च्या कायद्याने छापखान्यांच्या मुसक्या आधीच बांधल्या होत्या. पुस्तक छापण्याआधी परवानगी घ्यायची. छापखाने फक्त लंडन, यॉर्क आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या विद्यापीठांत. मुद्रकांची संख्या हळूहळू वीसवर आणायची. खिळे ओतणारे ओतारी साऱ्या देशात चार, पाचवा नको.

(दृश्य : लडगेट चौक. वाहनं, सिग्नल, माणसं.)

खटला फेब्रुवारी १६६४ मध्ये ओल्ड बेलीत चालला. ट्विनच्याच शिकाऊ पोराची साक्ष त्याच्याविरुद्ध झाली. लेखक कोण, ते ट्विनने सांगितलं नाही. त्याला फाशी दिलं, देहाचे चार तुकडे केले आणि डोकं लडगेटच्या वेशीवर लावलं. ती वेस आता नाही. ती होती तो भाग हा.

(दृश्य : हाताने लिहिलेला करारनामा, जवळून.)

हा करार २७ एप्रिल १६६७ चा. कवी जॉन मिल्टन आणि मुद्रक सॅम्युअल सिमन्स. ‘पॅरडाइज लॉस्ट’साठी पाच पौंड आत्ता, पहिल्या आवृत्तीच्या तेराशे प्रती खपल्या की आणखी पाच. मिल्टन तोवर पुरता आंधळा झालेला होता, ओळी तो तोंडी सांगायचा आणि दुसरे उतरवून घ्यायचे. म्हणजे सिमन्सच्या जुळाऱ्यापुढे, खिळे जुळवणाऱ्या कामगारापुढे, आलेली प्रत कवीच्या हातची नव्हतीच. पहिल्या सर्गाची ती हस्तलिखित प्रत न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. सेन्सॉरच्या परवानगीचा शेरा तिच्यावर आहे आणि छापखान्यातल्या खुणाही आहेत. गंमत अशी, की १६४४ मध्ये याच मिल्टनने छपाईपूर्व परवान्याविरुद्ध इंग्रजीतलं सगळ्यात गाजलेलं पत्रक लिहिलं होतं.

(दृश्य : लाकडी छापयंत्राचं प्रात्यक्षिक. हात, खिळे, शाई.)

आता हे हात बघा.

जुळाऱ्यापुढे तिरप्या घोडीवर दोन केसेस, म्हणजे खिळ्यांसाठी घरं पाडलेले खोके. वरच्यात मोठी अक्षरं, खालच्यात छोटी. घरं सारखी नाहीत. इंग्रजीत ‘ई’ सगळ्यात जास्त लागतो, म्हणून त्याचं घर सगळ्यात मोठं आणि हाताजवळ. नजर कागदावर, उजवा हात केसमध्ये. खिळ्याच्या अंगावर एक खाच असते. बोटाला ती लागली की खिळा सुलटा आहे की उलटा ते न बघता कळतं. डाव्या हातातल्या स्टिकमध्ये, ओळ जुळवायच्या छोट्या साच्यात, ओळ भरत जाते. अक्षरं आरशातल्यासारखी उलटी आणि जुळारी ती वाचतो डोकं खाली-पाय वर अशी. ओळ सैल राहिली तर छापताना खिळे निसटतात, म्हणून शब्दांमधल्या फटी कमी-जास्त करून ती घट्ट बसवायची. मग गॅली, म्हणजे जुळलेल्या ओळी ठेवायची थाळी, मग पान, मग लोखंडी चौकटीत आवळलेला फर्मा.

जोसेफ मॉक्सनने हे सगळं १६८३ मध्ये लिहून ठेवलं. लडगेट हिलवर पृथ्वीचे गोल आणि नकाशे विकणारा माणूस, रॉयल सोसायटीचा सभासद. त्या सोसायटीत न्यूटन, बॉइल, हूक. मॉक्सनला मात्र हातोडा, रंधा आणि खिळे यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं. छपाईच्या कामावरचं असं सविस्तर पुस्तक त्याआधी कुठल्याच भाषेत नव्हतं.

ही शाई. जवसाचं तेल उकळून दाट करायचं, त्यात काजळी खलायची. काकवीसारखी चिकट होते. ती लावायला हे कातड्याचे दोन गोळे, आत लोकर भरलेली, वर लाकडी मूठ. कातडं मऊ राहावं म्हणून रात्री ते मुतात भिजत ठेवत. छापखान्याला वास कसला येत असेल, ते कॅमेऱ्याला पकडता आलेलं नाही.

कागद आदल्या दिवशीच ओलसर करून ठेवलेला. एक जण गोळ्यांनी फर्म्यावर शाई ठोकतो. दुसरा कागद चौकटीत बसवतो, चौकट पाडतो, गाडा आत सरकवतो आणि दांडा ओढतो. कागद दाबणारा पाटा लहान, फर्मा मोठा, म्हणून गाडा आणखी पुढे सरकवून दुसऱ्यांदा ओढ. कागद काढून ढिगावर. पुन्हा शाई. दोघांनी मिळून ताशी अडीचशे कागद हे ठरलेलं माप, तेही एकाच बाजूने.

या कामगारांची आपसात एक संघटना असे. तिला ते चॅपेल म्हणत. तिचे कायदे मॉक्सनने नोंदवलेत. शिवी दिली, दंड. मारामारी केली, दंड. रात्री मेणबत्ती जळती ठेवून गेला, दंड. हातातली स्टिक खाली पडली आणि ती दुसऱ्याने उचलली, तरी दंड! दंड भरायला नकार देणाऱ्याला दगडी ओट्यावर पालथा पाडून ढुंगणावर अकरा फटके. मालकाची परवानगी कुणी विचारत नसे.

जाता जाता मुंबईचं. याच दुसऱ्या चार्ल्सला पोर्तुगीज राजकन्येशी लग्न ठरलं तेव्हा, १६६१ च्या तहात, मुंबई आंदण मिळाली. त्यानंतर काही वर्षांनी सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांनी कंपनीकडे मुद्रक मागितला आणि १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाच्या माणसाची रवानगी झाली. पगार वर्षाला पन्नास पौंड. भीमजींना आपल्या लिपीत छापायचं होतं. हिल्सला छापता येत होतं, खिळे पाडता येत नव्हते. ज्या देशात ओतारीच चार ठेवलेले, तिथून दुसरं काय येणार?

(दृश्य : पुन्हा लडगेट चौक, भिंतीवरची पाटी.)

१६९५ मध्ये तो परवान्याचा कायदा संपला आणि संसदेने त्याला मुदतवाढ दिली नाही. ११ मार्च १७०२ ला इथे जवळच, फ्लीट पुलाशेजारी, ‘डेली कूरंट’ निघालं. लंडनचं पहिलं दैनिक. एकच कागद, एकाच बाजूला छापलेला, दोन रकाने. छापवून घेणारी बाई, एलिझाबेथ मॅलेट. परदेशी वृत्तपत्रांतल्या बातम्या ती देई, स्वतःचं मत देत नसे. वाचकांना स्वतःची अक्कल असते, असं तिने पहिल्याच अंकात म्हटलं होतं. आज हे ऐकायला बरं वाटतं. १७१० मध्ये लेखकाला आपल्या पुस्तकावर चौदा वर्षांचा हक्क देणारा कायदा आला, १७११ मध्ये ॲडिसनचं ‘स्पेक्टेटर’ हे पत्र आलं, कॉफीगृहांतून लोक मोठ्याने वाचू लागले आणि १७१२ मध्ये सरकारने वृत्तपत्रांवर मुद्रांक कर बसवला. ‘स्पेक्टेटर’चे दिवसाला तीन हजार अंक जातात, असा ॲडिसनचा दावा होता. ताशी अडीचशेचं माप लावून हिशेब ज्याचा त्याने करावा.

(दृश्य : सेंट बार्थोलोम्यू द ग्रेट, आतला भाग.)

पुन्हा क्लॉथ फेअर. चर्चच्या मागच्या टोकाची ही लेडी चॅपेल, म्हणजे मेरीमातेचं प्रार्थनाघर; कामगारांच्या चॅपेलशी संबंध नाही. चर्चचा मठ बंद झाल्यावर तिची विक्री झाली आणि अठराव्या शतकात इथे सॅम्युअल पामरचा छापखाना होता. पुढे तर झालरींचा कारखाना आला. १७२५ मध्ये पामरकडे एकोणीस वर्षांचा एक अमेरिकन पोरगा जुळारी म्हणून लागला. बेंजामिन फ्रँकलिन. वोलस्टनच्या नीतिशास्त्रावरच्या पुस्तकाचे खिळे जुळवता जुळवता त्याला लेखकाची मतं पटेनात. पठ्ठ्याने त्याला उत्तर देणारी पुस्तिका लिहिली आणि स्वतःच छापली.

मग तो लिंकन्स इन फील्ड्सजवळच्या वॉट्सच्या मोठ्या छापखान्यात गेला. तिथे यंत्रावरचा त्याचा सोबती दिवसाला सहा पाइंट बिअर प्यायचा, हा पाणी. तरी दोन हातांत दोन फर्मे घेऊन जिना चढायचा हाच. काही आठवड्यांनी त्याला यंत्रावरून जुळणीवर हलवलं, तेव्हा तिथल्या कामगारांनी दारूसाठी पाच शिलिंग मागितले. यंत्रावर लागताना प्रवेशफी एकदा भरली आहे, म्हणून याने नकार दिला, आणि मालकानेही देऊ नको म्हणून सांगितलं. त्यानंतर फ्रँकलिन जरा बाहेर गेला की त्याचे खिळे एकमेकांत मिसळलेले असायचे, पानं इकडची तिकडे. विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर : चॅपेलचं भूत.

दोन-तीन आठवडे त्याने कळ काढली. मग पाच शिलिंग मुकाट्याने भरले. भूत थांबलं. पुढे त्यांच्यात मान मिळाल्यावर त्याने चॅपेलच्या नियमांत काही बदल सुचवले आणि विरोध झाला तरी मंजूर करून घेतले.