भट्टी, ऐरण आणि नव्व्याण्णवावी पातळी

ट्युटोरियल आयलंड या नवख्यांच्या शिकवणीच्या बेटावरील खाणीत नुकताच दाखल झालेला हा खेळाडू एका खडकातून कथील काढतो, दुसऱ्यातून तांबे काढतो, दोन्ही भट्टीत वितळवून कांशाची एक कांब मिळवतो आणि ऐरणीवर ठोकून तिचा खंजीर घडवतो. पुढच्या दालनात युद्धाचे धडे सुरू होतात, तेव्हा त्याच्या हाती हाच खंजीर असतो. ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ या ऑनलाइन खेळात लढायला शिकण्याआधी प्रत्येकाला शस्त्र घडवायला शिकावे लागते, आणि हा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

मूळ ‘रूनस्केप’ जानेवारी २००१ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिज येथे अँड्र्यू गोवर यांनी आपल्या भावांच्या साथीने सुरू केला. त्याची ऑगस्ट २००७ मधली जुनी प्रत पुढे खेळाडूंच्या मागणीवरून फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘ओल्ड स्कूल’ या नावाने पुन्हा खुली झाली. या खेळात प्रत्येक कौशल्याची १ ते ९९ अशी पातळी असते. लोहारकाम, म्हणजे खेळाडूंच्या बोलीतले स्मिथिंग, हे त्यांतलेच एक कौशल्य आहे आणि हा लघुपट त्याच्याविषयी आहे.

आता आपण खेळातल्या पोर्ट सेरिम या बंदराच्या दक्षिणेला आलो आहोत. समोर उभा असलेला थर्गो हा इमकांडो कुळातला ड्वार्फ, म्हणजे बुटक्या कारागीर जमातीतला, आहे. फॅलाडॉर शहरातल्या एका सरदाराची तलवार त्याच्या सेवकाकडून हरवली आहे आणि तशीच दुसरी तलवार घडवू शकेल असा कारागीर थर्गोखेरीज कोणी नाही. थर्गो सहजासहजी बोलत नाही. त्याला ‘रेडबेरी पाय’ हा फळे भरून भाजलेला पदार्थ खाऊ घातल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. त्यानंतर वाड्यातल्या कपाटातून त्या तलवारीचे चित्र आणायचे, बर्फाळ गुहेत उतरून ब्लुराइटचे निळसर खनिज काढायचे आणि लोखंडाच्या दोन कांबांसह ते थर्गोच्या हाती द्यायचे. ‘द नाइट्स सोर्ड’ ही मोहीम पूर्ण झाली की स्मिथिंगचे १२,७२५ एक्सपी, म्हणजे पातळी वाढवणारे अनुभवाचे गुण, मिळतात आणि पहिल्या पातळीवरचा नवखा लोहार एका दमात २९व्या पातळीवर पोहोचतो. ही मोहीम आवर्जून करावी असे आम्ही सांगतो, कारण इथे कौशल्याला माणसे आहेत, चव आहे आणि एका कारागिराचा मानही आहे.

व्हॅरॉक शहराच्या पश्चिमेकडच्या बँकेजवळ ऐरणी आहेत आणि कित्येक खेळाडूंच्या लोहारकामाची सुरुवात तिथेच होते. पिशवीत २८ जागा असतात, त्यांतली एक हातोड्याला जाते आणि उरलेल्या २७ जागांत कांबा भराव्या लागतात. छाती झाकणाऱ्या चिलखताला, म्हणजे प्लेटबॉडीला, पाच कांबा लागत असल्यामुळे एका फेरीत पाचच चिलखते होतात. साध्या भट्टीत लोखंड वितळवताना निम्म्या वेळा खनिज वाया जाते. पोलादाच्या एका कांबेला दोन कोळसे, मिथ्रिलला चार, ॲडमंटाइटला सहा आणि रुनाइटला आठ कोळसे लागतात, म्हणजे धातू जितका श्रेष्ठ तितकी पिशवीतली जागा कोळशानेच भरते.

म्हणूनच सर्व जाणते लोहार केल्डाग्रिमला येतात.

ड्वार्फांच्या या भूमिगत राजधानीत असलेली ब्लास्ट फर्नेस आम्ही मुद्दाम अधिक वेळ चित्रित केली आहे. डावीकडे खनिज वाहून नेणारा पट्टा फिरतो आहे. त्याच्या टोकाशी खनिज मोठ्या पात्रात पडते, आणि यंत्राला जोडलेले ड्वार्फ कोणी पंप हलवत, कोणी पेडल मारत, कोणी शेगडीत कोक टाकत ती आच टिकवून धरतात. पूर्वी ही सारी कामे खेळाडूंनाच वाटून घ्यावी लागत. आता ठरावीक सर्व्हरवर ड्वार्फ ती करतात आणि त्यांच्या मजुरीसाठी तिजोरीतून तासाला ७२,००० नाणी जातात. स्मिथिंगची पातळी ६०च्या खाली असेल, तर मुकादमाला दर दहा मिनिटांना आणखी २,५०० नाणी द्यावी लागतात. इतका खर्च करूनही लोहार इथे येतात, कारण या भट्टीत कोळसा निम्माच लागतो आणि लोखंड कधीही वाया जात नाही.

खेळाडूच्या हातांकडे आता नीट पाहा. यंत्रातून बाहेर आलेल्या कांबा लालबुंद आहेत. बादलीभर पाणी ओतल्याखेरीज त्या उचलता येत नाहीत. या खेळाडूने बर्फाचे हातमोजे घातले आहेत, त्यामुळे त्याला पाण्याची गरज उरलेली नाही. हे हातमोजे व्हाइट वुल्फ पर्वताखालच्या आइस क्वीनला हरवून मिळवावे लागतात आणि तिच्यापर्यंतची वाट फोडायला खाणकामाची ५०वी पातळी लागते. कोळशाच्या वेगळ्या थैलीत २७ कोळसे मावतात. थैली भरणे, पिशवी भरणे, पट्ट्यावर ओतणे, थैली रिकामी करून पुन्हा ओतणे आणि कांबा उचलून बँकेत ठेवणे या ठेक्यात एकदा हात बसला की तो पाहत राहावासा वाटतो. यात नशिबाचा वाटा नाही. जितके खनिज पट्ट्यावर पडते तितक्याच कांबा हाती येतात, आणि एवढा चोख व्यवहार या खेळात फार थोड्या ठिकाणी आढळतो.

या चोख मेहनतीला खेळाने दिलेले मोल मात्र अपुरे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. रून, म्हणजे रुनाइटची, प्लेटबॉडी अंगावर घालायला संरक्षणाची ४०वी पातळी आणि ‘ड्रॅगन स्लेयर’ ही मोहीम पुरते; तीच घडवायला स्मिथिंगची ९९वी पातळी लागते, आणि त्या पातळीला १,३०,३४,४३१ एक्सपी लागतात. ८८व्या पातळीला ॲडमंटची प्लेटबॉडी घडवता येते व प्रत्येकीचे ३१२.५ एक्सपी मिळतात. फक्त तीच ठोकत ९९ गाठायचे म्हटले तर २७,६७६ चिलखते घडवावी लागतील. एवढ्या कष्टांनंतर जे घडवता येते ते बाजारातून विकत घेऊन नवखे खेळाडू केव्हाचे वापरत असतात. ‘रूनस्केप’च्या दुसऱ्या, नव्या आवृत्तीत जानेवारी २०१९ मध्ये खाणकाम आणि लोहारकाम मुळापासून बदलण्यात आले आणि रून धातू ५०व्या पातळीवर आणला गेला, म्हणजे घडवण्याची आणि घालण्याची पातळी एका रेषेत आली. ‘ओल्ड स्कूल’मध्ये मोठे बदल खेळाडूंच्या मतदानानेच होतात. मत देणाऱ्यांनी लोहाराची ही बाजूही ध्यानात घ्यावी, एवढीच आमची विनंती आहे. तासन्‌तासांच्या क्लिकांनी मनगट दुखते आणि स्वयंचलित बॉट खाती मालाचे भाव पाडतात, हेही इथे नोंदवून ठेवले पाहिजे.

२०२२ मध्ये आलेल्या ‘जायंट्स फाउंड्री’ या खेळातल्या छोट्या खेळाने हे चित्र थोडे बदलले. इथे कोव्हॅक या राक्षसासाठी एक प्रचंड तलवार घडवायची असते. तो सुरुवातीला कशी तलवार हवी ते सांगतो. अरुंद आणि हलकी, किंवा रुंद आणि जड, आणि त्यानुसार साचे निवडावे लागतात. मुशीत २८ कांबांइतका धातू मावतो. जुनी चिलखते आणि शस्त्रेही तिच्यात वितळतात, आणि दोन धातूंचे मिश्रण केले तर तलवारीचा दर्जा सुधारतो. मग पाते लाव्ह्यात तापवायचे, धबधब्यात निववायचे आणि तापमान योग्य टप्प्यात असतानाच घणाखाली, सहाणेवर किंवा चकाकी देणाऱ्या चाकावर धरायचे. पडद्यावरचा काटा लाल पट्ट्यातून हळूहळू खाली येतो आहे, तो पाहा; क्षणभर उशीर झाला तर पाते पुन्हा तापवावे लागते. ऐरणीसमोर नुसते उभे राहण्यापेक्षा हे काम लोहाराच्या कामाच्या कितीतरी जवळ जाते, आणि कारागिराच्या नजरेला व निर्णयाला इथे वाव मिळतो.

शेवटची ऐरण ९०व्या पातळीची आहे. खेळाडूच्या पिशवीत हातोडा, ड्रॅगनच्या आगीला अडवणारी साधी ढाल आणि ड्रॅकोनिक व्हिसेज, म्हणजे ड्रॅगनचा मुखवट्यासारखा चेहरा, आहे. हे व्हिसेज काळ्या ड्रॅगनकडून मिळण्याची शक्यता १०,०००मध्ये एक इतकीच असते. ढाल आणि व्हिसेज जोडून ड्रॅगनफायर शील्ड तयार होते आणि स्मिथिंगचे २,००० एक्सपी मिळतात. ज्याला हे जमत नाही, त्याला खेळातलाच ओझियाक नावाचा एक इसम १२,५०,००० नाणी घेऊन ती जोडून देतो. या खेळाडूने ती नाणी वाचवली आहेत. ढाल पेलायला संरक्षणाची ७५वी पातळी लागते, आणि ड्रॅगनने तिच्यावर ओकलेली आग ती साठवून ठेवते. अशी आग ५० वेळांपर्यंत साठते आणि प्रत्येक वेळी ढालीचे संरक्षण वाढत जाते.