बॉल पायथन कातीवर येतो तेव्हा

(पुण्यातला एक फ्लॅट, एप्रिलची दुपार. काचेच्या पेटीत वेटोळं घालून बसलेला साप.)

हा बॉल पायथन. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना, टोगो, बेनिन या पट्ट्यातला बिनविषारी अजगर. एरवी अंगावरची तपकिरी-सोनेरी नक्षी तुकतुकीत दिसते. आज ती मळकट झाली आहे, पोट गुलाबीसर पडलंय. साप कातीवर आलाय.

(डोळा, अगदी जवळून.)

हा डोळा बघा. निळसर, दुधाळ. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर तोही निघतो. जुन्या-नव्या कातडीच्या मधे द्रव साठल्यामुळे हा धुरकटपणा येतो. या दिवसांत त्याला नीट दिसत नाही. हात जवळ गेला की तो दचकतो, फुसफुसतो, क्वचित चावतोही. त्याला चिडका म्हणू नका, घाबरलाय तो. अशा वेळी त्याला हातात घेणं बंद. बहुतेक अजगर या काळात भक्ष्याला तोंडही लावत नाहीत, तेव्हा खाण्याचा आग्रहही नको.

आपण सांभाळायचा तो ओलावा. एप्रिलमध्ये पुण्यातल्या दुपारच्या हवेतली आर्द्रता 30 टक्क्यांच्याही खाली उतरते, आणि या सापाला एरवीसुद्धा निदान 50 ते 60 टक्के लागते. कात टाकताना 70च्या आसपास हवी. पेटीत हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारं यंत्र, लावा, अंदाजावर जाऊ नका. झाकणाची जाळी थोडी झाका, पण हवा खेळती राहू द्या. झाकण असलेल्या डब्याला साप आत शिरेल एवढं भोक पाडा, कडा घासून गुळगुळीत करा आणि आत ओलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) घट्ट पिळून भरा. मॉस दमट हवं, पाणी निथळणारं नको. सगळी पेटीच चिंब केली तर पोटाच्या खवल्यांना संसर्ग होतो. शिवाय ताज्या पाण्याचं पसरट भांडं आणि अंग घासायला एखादं खडबडीत लाकूड.

काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. नवखा पाळणारा इथेच फसतो, झालं असं समजून मॉस काढून टाकतो. कात निघायला अजून काही दिवस बाकी असतात.

(साप लाकडावर तोंड घासतो.)

सुरुवात ओठांपासून. मग पायातला मोजा उलटा निघावा तशी अख्खी कात मागे सरकते.

इथे कायद्याचंही सांगायला हवं. आपल्या देशातले नाग, धामण, अजगर घरात ठेवणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी प्रजातीचीही केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

(टेबलावर पसरलेली कात.)

कात लगेच टाकून देऊ नका. डोळ्यांवरच्या पारदर्शक खवल्यांच्या दोन्ही चकत्या आल्यात का बघा, शेपटीचं टोक तपासा. शेपटीला जुन्या कातडीचं कडं राहिलं तर ते आवळतं, रक्त पोचत नाही आणि टोक काळं पडून गळतं. तसं कडं दिसलं तर सापाला 30 अंशांच्या आसपासच्या कोमट, उथळ पाण्यात वीसेक मिनिटं ठेवा, नजर हलवू नका. मग ओल्या टॉवेलमधून त्याला स्वतःच सरकू द्या.

चकती डोळ्यावरच राहिली असेल तर मात्र नख नाही, चिमटा नाही. खालचा नवा खवला फाटला तर डोळाच जाऊ शकतो. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यालाच दाखवा. आणि तोवर मॉस ओलं ठेवा.